पाणी न सुटणारं, काळं न पडणारं फ्रूट सॅलड: चौघांच्या घरासाठी

फ्रूट सॅलडला कृती कशाला हवी, असं पुष्कळांना वाटतं. फळं चिरायची, एकत्र करायची, झालं. पण वाडगं टेबलावर येईपर्यंत सफरचंद तांबूस पडलेलं असतं, केळं गिळगिळीत झालेलं असतं आणि तळाशी वाटीभर गोडमिट्ट पाणी साठलेलं असतं. फळं चांगलीच होती, तरी असं होतं. कारण कोणतं फळ आधी चिरलं, कोणतं शेवटी, आणि साखर-मीठ कधी पडलं, यावर सॅलडचं सगळं अवलंबून आहे. वरून काय ओतलं याला मी फारसं महत्त्व देत नाही, चिरण्याच्या क्रमाला मात्र फार देते. म्हणून खालची कृती त्या क्रमानेच लिहिली आहे.

किती आणि कोणती फळं

चौघांना पोटभरीचं खाणं म्हणून द्यायचं असेल तर साल-बिया काढून ९०० ग्रॅम ते १ किलो फोडी पुरतात. जेवणानंतर थोडं गोड म्हणून द्यायचं असेल तर त्याच्या निम्म्यात भागतं. अंदाजासाठी हे प्रमाण धरा: २ मध्यम संत्री, १ मोठं सफरचंद, सोललेल्या अननसाच्या दोन जाड चकत्या, वाटीभर द्राक्षं, २ केळी आणि अर्ध्या डाळिंबाचे दाणे. शिवाय अर्धं लिंबू हाताशी असू द्या.

हीच फळं घ्यायला हवीत असं नाही. फळं निवडताना मी चार गोष्टी बघते. एक फळ आंबटसर हवं: संत्रं, मोसंबी, अननस, किवी यांपैकी काहीही. एक करकरीत हवं: सफरचंद, नासपती किंवा कडक पेरू. एक मऊ आणि गोड हवं: केळं, पपई, आंबा. आणि चौथं दाताखाली फुटणारं, म्हणजे द्राक्षं किंवा डाळिंब. हे चारही असले की प्रत्येक घासाला वेगळी चव लागते. नुसती मऊ फळं एकत्र केली तर त्याची खीर होते, नुसती करकरीत घेतली तर चावून जबडा दुखतो. चार ते सहा प्रकार पुरे. दहा-बारा प्रकारची फळं घातली की कशाचीच चव ओळखू येत नाही, उरलेली अर्धी-अर्धी फळं घरात पडून राहतात ती वेगळीच.

पिकलेलं, पण पिलपिलीत नाही

नुसतं खायला जे फळ सगळ्यात छान लागतं, ते सॅलडला बहुधा एक दिवस उशिराचं असतं. सॅलडसाठी फळ पिकलेलं हवं, पण फोड सुरीने स्वच्छ कापली गेली पाहिजे. केळं पूर्ण पिवळं, ठिपके नुकते दिसू लागलेलं घ्या. आंब्याला देठाशी वास यायला हवा, अंगठ्याने दाबल्यावर तो किंचित दबला पाहिजे, खड्डा पडता कामा नये. पपईचंही तसंच. नासपती पोटाशी न दाबता देठाजवळच्या मानेशी दाबून बघा, कारण ती आतून बाहेर पिकत येते. पोटाशी मऊ लागते तोवर गाभा पिठूळ झालेला असतो. अननस बुडाशी हुंगा. गोड वास आला तर तयार आहे, आंबूस किंवा दारूसारखा वास आला तर तो उतरला. कलिंगड हाताला जड लागायला हवं आणि जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरट नव्हे, पिवळा हवा.

खरेदी करताना एक फरक लक्षात ठेवला तर निराशा टळते. केळं, आंबा, पपई, पेरू, किवी, नासपती ही फळं तोडल्यानंतरही पिकतात, त्यामुळे दोन दिवस आधी थोडी कडक आणली तरी चालतात. घाई असेल तर ती एका पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा. केळ्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या फळालाही पिकवतो. संत्री, द्राक्षं, अननस, डाळिंब, स्ट्रॉबेरी, कलिंगड यांचं तसं नाही. ही फळं घरी ठेवून मऊ पडतील, पण आणखी गोड होणार नाहीत. आंबट द्राक्षं आंबटच राहतात, म्हणून ती घेण्यापूर्वी एखादं चाखून बघणं उत्तम.

धुणं, पुसणं, थंड करणं

सगळी फळं अख्खी असतानाच नळाच्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. साबण नको, तो सालीतून आत मुरू शकतो. ज्यांची साल टाकूनच द्यायची तीही धुवायची, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. सुरी सालीतून आत जाते तेव्हा सालीवरची माती आणि जंतू घेऊनच गरात उतरते. खरबुजाची जाळीदार साल तर ब्रशने घासूनच घ्या, कारण त्या खाचांत घाण दडून बसते आणि खरबुजाच्या गरात आंबटपणा कमी असल्यामुळे जंतू तिथे लवकर वाढतात. द्राक्षांचा घड चाळणीत धरून धुवा आणि मणी नंतर सुटे करा.

मग स्वच्छ फडक्याने सगळं कोरडं पुसा. सालीवर राहिलेलं पाणी शेवटी वाडग्यातच उतरतं.

आता केळी सोडून बाकीची फळं अख्खीच तासभर फ्रिजमध्ये ठेवा. सॅलड गार करायला चिरल्यावर बर्फ घालायची किंवा वाडगं तासभर फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत आहे. त्यापेक्षा फळंच आधी गार केली तर चिरता चिरता गार सॅलड तयार होतं, पाणी सुटायला वेळच मिळत नाही. गार फळ कापतानाही कमी चिरडतं. स्ट्रॉबेरी वापरणार असाल तर ती मात्र ओली करून ठेवू नका. ती चिरायच्या वेळीच धुवा आणि देठ धुतल्यावर काढा, आधी काढला तर पाणी आत शिरतं.

कांदा-लसूण किंवा मांस-मासे ज्या पाटावर चिरता तो पाट फळांना वापरू नका. कितीही घासला तरी लसणाचा वास केळ्याला लगेच लागतो. वाडगं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. बिनकल्हईचं तांबं-पितळ आणि ॲल्युमिनियम नको, आंबट रसाने त्यांचा अंश उतरतो. सुरीला धार हवीच. बोथट सुरी फळ कापत नाही, चेपते, आणि चेपलेल्या कडेतूनच रस गळतो आणि तीच कड आधी काळी पडते.

पहिलं संत्रं, आणि ते वाडग्यावरच

सुरुवात संत्र्यापासून का, तर त्याचा रस पुढच्या फळांच्या कामी येतो. सफरचंद, नासपती, केळं कापल्यावर काळी पडतात त्याचं कारण असं: पेशी फुटल्या की आतलं एक विकर (एन्झाइम), पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फळातल्या घटकांवर काम करू लागतं आणि तपकिरी रंग तयार होतो. आंबटपणामुळे हे विकर मंदावतं आणि क जीवनसत्त्व रंग धरू देत नाही. संत्र्याच्या आणि लिंबाच्या रसात दोन्ही आहेत. मग तळाशी आधी तो रस असला आणि सफरचंदाच्या फोडी थेट त्यात पडल्या, तर वेगळं काही करावं लागत नाही.

संत्रं असं सोला. वरची आणि खालची टोपी इतकी कापा की आतला गर दिसला पाहिजे. संत्रं पाटावर उभं करा आणि गोलाईला धरून सुरी वरून खाली फिरवत साल काढा, सालीसोबत पांढरा थरही निघू द्या. पांढरं राहिलं तर कडवट लागतं. आता सोललेला गोळा डाव्या हातात वाडग्यावर धरा. नीट बघितलं तर फोडींच्या मधले पातळ पडदे रेघांसारखे दिसतात. एका पडद्याला लागून सुरी मध्यापर्यंत उतरवा, मग त्याच फोडीच्या दुसऱ्या पडद्याला लागून. पडदा नसलेली स्वच्छ फोड आपोआप वाडग्यात सुटून पडते. तिच्यात बी असेल तर सुरीच्या टोकाने काढा. सगळ्या फोडी निघाल्या की हातात नुसत्या पडद्यांचा चोथा उरतो, तो मुठीत धरून वाडग्यावर घट्ट पिळा. दोन संत्र्यांचा दोन-तीन मोठे चमचे रस सहज निघतो.

हे नाजूक वाटलं तर संत्रं नेहमीसारखं सोलून फोडींची साल काढली तरी चालेल. पण पडद्यासकट फोडी टाकू नका. सॅलडमध्ये त्या चिवट लागतात आणि मुलं त्या चोखून परत वाटीत ठेवतात.

या रसात अर्ध्या लिंबाचा रसही पिळा.

अननस

अननसाचा भरपूर गर वाया जातो तो साल जाड काढल्यामुळे. शेंडा आणि बूड कापून अननस उभा करा आणि फक्त वरची खरखरीत साल पातळ उतरवा. गरावर तपकिरी डोळे राहतील, राहू द्या. हे डोळे तिरप्या ओळींत असतात, पिळासारखे वरून खाली उतरत जातात. एका ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी घाला, म्हणजे डोळ्यांची अख्खी ओळ पन्हळीसारखी उचलून येते. चार-पाच ओळी झाल्या की हात बसतो.

मग उभे चार भाग करून मधला कडक दांडा कापून टाका. अननसाचा बुडाकडचा भाग शेंड्याकडच्या भागापेक्षा गोड असतो, म्हणून दोन्हीकडच्या फोडी मिसळून घ्या, नाहीतर एकाच्या वाटीत सगळं गोड आणि दुसऱ्याच्या वाटीत सगळं आंबट जातं. फोडी रसात टाका.

फोडी किती मोठ्या

दीड ते दोन सेंटिमीटर. चमच्यात दोन वेगवेगळ्या फळांच्या फोडी मावल्या पाहिजेत, हा माझा हिशेब. यापेक्षा बारीक चिरण्याचा मोह टाळा. चौकोनी फोडीची बाजू निम्मी केली की कापलेला पृष्ठभाग एकूण दुप्पट होतो, म्हणजे रस गळायला आणि काळं पडायला दुप्पट जागा. बारीक चिरलेल्या सॅलडला अर्ध्या तासात पाणी सुटतं ते यामुळेच.

मग सफरचंद, द्राक्षं आणि बाकीची

सफरचंदाची साल ठेवा. तिच्यामुळे फोडीचा आकार टिकतो, रंगही छान दिसतो. चार भाग करून मधला बियांचा भाग काढा आणि चिरता चिरता फोडी रसात ढकलत जा. अख्खं चिरून पाटावर ढीग करून मग उचलू नका. वाडगं एकदा हलवलं की सगळ्या फोडींना रस लागतो. आंबट अजिबात चालत नसेल, तर लिटरभर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून त्यात सफरचंद पाच-दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यातून काढून निथळा. खारटपणा राहत नाही आणि रंग टिकतो.

द्राक्षं उभी अर्धी कापा. अख्खी ठेवली तर चमच्यातून निसटतात आणि त्यांना बाकीच्या फळांची चवही लागत नाही. किवीचे दोन्ही शेंडे कापून सालीच्या आतून चमचा गोल फिरवला की अख्खा गर बाहेर येतो. आंब्याची कोय चपटी असते, तिच्या दोन्ही बाजूंनी उभे काप काढा, गराला आडव्या-उभ्या चिरा द्या आणि साल उलटी करून फोडी सुरीने सोडवा.

डाळिंबाची वरची टोपी काढून आतले पांढरे पडदे जिथे आहेत तिथे सालीला उभ्या चिरा पाडा आणि हाताने उकला. मग पाण्याच्या भांड्यात बुडवून दाणे मोकळे करा. दाणे तळाशी जातात, कडवट पापुद्रे वर तरंगतात, कपड्यांवर डागही उडत नाहीत. दाणे निथळून बाजूला ठेवा, वाडग्यात अजून नको. त्यांचा लाल रंग केळ्याला आणि नासपतीला लागतो. स्ट्रॉबेरीचंही असंच.

कलिंगड मी या सॅलडमध्ये घालत नाही. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि कापल्यापासूनच ते गळत राहतं. आवडत असेल तर वेगळ्या ताटलीत गार फोडी ठेवा, किंवा वाढताना वाटीत वरून घाला.

केळं, मीठ आणि गोड: अगदी शेवटी

इथपर्यंतचं सगळं वाढण्याआधी तासभर करून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतं. पुढचं मात्र माणसं बसायला लागली की करा.

केळं सोला, जाडसर चकत्या करा, वाडग्यात टाका. डाळिंबाचे दाणे वर पसरा. हलवताना रुंद चमचा तळापर्यंत नेऊन खालचं वर आणा, दोन-तीनदा पुरे. ढवळलं की केळं मोडतं आणि सगळ्यावर चिकट लेप बसतो.

साखर आणि मीठ दोन्ही फळातलं पाणी बाहेर ओढतात. दहा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी फरक दिसतो, म्हणून ते वाढतानाच. फळं नीट पिकलेली असतील तर साखर लागतच नाही. चिमूटभर मीठ मात्र घालाच: कडवटपणा दबतो आणि फळांचा गोडवा उठून येतो. आंबटपणा जास्त झाला असेल तर दोन लहान चमचे मध चमचाभर संत्र्याच्या रसात कालवून घाला. नुसता मध गार फळांवर घट्ट होतो आणि एकाच जागी गोळा राहतो. वरून हाताने तोडलेली पुदिन्याची चार-सहा पानं, किंवा किसलेल्या आल्याचा अर्धा लहान चमचा रस, किंवा ताजी मिरपूड. तिन्ही एकदम नकोत, एखादंच काहीतरी.

फ्रिजमधून थेट काढलेलं फळ जिभेला बधिर लागतं. वाडगं दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून वाढा, गोडवा आणि वास दोन्ही जास्त कळतात.

दही किंवा क्रीम हवं असेल तर

वेगळ्या भांड्यात ठेवा आणि ज्याने त्याने आपल्या वाटीत घ्यावं. ताजा अननस, किवी आणि पपई यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात: अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन, पपईत पपेन. दुधातल्या प्रथिनांवर ती काम करू लागली की थोड्या वेळात सगळं कडू होतं आणि पातळ पडतं. क्रीम घालून फ्रिजमध्ये ठेवलेलं सॅलड कडवट लागलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. जिलेटिनची जेली ताज्या अननसाबरोबर धरत नाही तीही याचमुळे. क्रीममध्येच कालवायचं असेल तर ही तीन फळं वगळा, किंवा अननस पाच मिनिटं उकळून गार करून घ्या. उष्णतेने विकर निकामी होतं.

घरातली लहान आणि मोठी माणसं

पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्षं अर्धी नव्हे, उभी चार भागांत कापून द्या. गोल आणि गुळगुळीत द्राक्ष श्वासनलिकेत नेमकं अडकतं. अगदी लहानांना सफरचंद किसून किंवा पातळ काप करून द्यावं, आणि खाताना मूल बसलेलं असावं, पळतं नव्हे. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, त्यातून बॉटुलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो. त्यांची वाटी मध घालण्याआधीच बाजूला काढा.

मधुमेह असलेल्यांना फळं वर्ज्य नाहीत, पण वाटी लहान असावी, साखर-मध नसावा आणि केळं-आंब्यापेक्षा पेरू, सफरचंद, संत्रं जास्त असावं. तळाशी साठलेला रस त्यांच्या वाटीत ओतू नका. मूत्रपिंडाच्या विकारात केळं आणि संत्र्यातलं पोटॅशियम त्रासदायक ठरू शकतं, आणि कमरख (स्टार फ्रूट) तर अशा माणसाला विषासारखं बाधतं, ते पूर्ण टाळावं. ग्रेपफ्रूट (द्राक्ष नव्हे, संत्र्याच्या जातीचं मोठं फळ) घालणार असाल तर आधी विचारून घ्या: कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम त्याने वाढतो. अशा औषधांबद्दल डॉक्टरांचा शब्द अखेरचा. अननसाने कुणाची जीभ चुरचुरत असेल तर त्यांच्यापुरता तो वगळा.

उरलं तर, आणि डब्यात द्यायचं असेल तर

चिरलेली फळं बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत. हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. फ्रिज ५ अंशांखाली असावा आणि डब्याचं झाकण घट्ट बसणारं असावं. संत्रं, अननस, द्राक्षं, डाळिंब दुसऱ्या दिवशीही चांगली राहतात. सफरचंदाचा करकरीतपणा जातो, चव राहते. खरबूज घातलं असेल तर फ्रिजच्या बाहेर राहिलेला डबा ठेवूच नका, टाकून द्या.

डब्यासाठी केळं आणि पपई सोडून बाकीचं भरा आणि केळं अख्खंच सोबत द्या. डब्याच्या तळाशी द्राक्षं आणि डाळिंब, मध्ये रसात घोळलेलं सफरचंद, वर अननस असं रचलं तर अननसाचा रस खाली झिरपत सफरचंदाला पोचतो. मीठ कागदाच्या पुडीत वेगळं.

केळं मिसळलेलं सॅलड उरलं तर ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. त्याच दिवशी डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या फोडी तशाच मिक्सरमध्ये फिरवल्या की पाणी न घालता दाटसर गार स्मूदी होते. त्यात अननस-किवी असेल तर दूध घालून लगेच पिऊन टाका. दूध घालायचं नसेल तर वाटलेला गर साच्यात ओतून आइसकँडी करा. तळाशी साठलेला रसही त्यातच ओता.